पाटीखालची पाटी

रस्त्याचं नाव बदललं तेव्हा
वास्कोत माझ्या बापाला बोलावलं, शाबलो च्यारीला.
शिडी, निळ्याचा डबा, पांढऱ्याचा डबा,
हातात चिठी: स्वतंत्र पथ.
त्याला देवनागरी यायची आरतीपुरती.
'त्र' तीनदा पुसला.
खालून इनास शिंपी ओरडला,
"चुकलं तर उसव रे, कापड सरकारचंय!"

खलाशी या टोकाने पगार घेऊन शिरत,
त्या टोकाने हलके होऊन निघत.
मधे कपबशांवर खनिजाची लाल धूळ.

एकदा रशियन बोटीवरचा कुणी मेकॅनिक
पाटीशी थांबला, नखाने खरवडू लागला.
निळ्याखालून जुन्या 'रुआ'चं शेपूट निघालं.
हसला. तीन बोटं दाखवली:
त्याच्या बंदरातल्या मोठ्या रस्त्याला तीन नावं,
म्हातारे पत्ता सांगतात पहिल्यानेच.
हे सगळं खुणांनी.
बापाला किती कळलं देव जाणे,
त्याने विडी पुढे केली.

आता पाटी छापील. धूळ काळी, कोळशाची.
रिक्षावाल्याला मी छापील नाव सांगते.
तो मान वळवतो, "म्हणजे नेमकं कुठं?"
"इनास शिंप्याकडे."
दुकान जाऊन वीस वर्षं झाली.
पोरगा पंचविशीचा असेल.
बरोबर तिथंच उतरवतो.