तीन खिडक्या जास्त

शुक्रवारी दुपारी कुरामोची साहेबांना
शारजाच्या जुन्या विमानतळावर नेलं.
विमानतळ आता नाही. म्यूझियम आहे,
आणि धावपट्टीचा झालाय रस्ता,
दोन्ही अंगांना बँका, चष्म्यांची दुकानं, एक सलून.
त्याच धावपट्टीवरून अकरा वर्षं मी
साठच्या स्पीडनं गाडी हाकतोय
आणि एकदाही उडालो नाही.

हे मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत.

समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात
पंप तपासायला येतात ते, वर्षाआड. सत्तरीचे.
माझ्या आडनावाला शेवटी उकार लावतात:
निकामु-सान.
मीही दुरुस्त करत नाही. एवढ्या लांब
कुणीतरी नावाला काही जोडतंय, तोडत तर नाही.

आत डाकोटा उभं होतं,
शेपूट टेकून, नाक वर,
पाहुण्याकडं बघत बसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखं.
साहेबांनी भोवती एक फेरी मारली
आणि खिडक्या मोजायला लागले.
पायलटच्या पाठीमागं बोट दाखवून म्हणाले,
"आमच्यात इथं तीन जास्त. बाकी सगळं हेच."

आमच्यात म्हणजे कुणाच्यात, मला कळेना.

मग हळूहळू कळलं.
लढाईच्या आधी जपाननं हेच विमान
अमेरिकेकडून रीतसर कागद करून घेतलेलं,
आपल्या कारखान्यात, आपल्या इंजिनांवर बांधलेलं,
आरमाराला दिलेलं.
साहेबांचे वडील त्यात मेकॅनिक.
या बेटावरून त्या बेटावर
तांदूळ, टपाल, टायर, क्विनाइन,
परतीला पट्ट्या बांधलेली माणसं.
तोवर घरी पत्रं यायची.
पुढं माणसं कमी पडली, बदली झाली बॉम्बरवर.
जाडजूड, गोल बॉम्बर. त्याला त्यांचेच लोक सिगार म्हणत.
पंखांत पेट्रोल, पेट्रोलभोवती नुसता पत्रा.
"सिगार आहे, पेटणारच," साहेब म्हणाले,
आणि खिसा चाचपला, काडेपेटी शोधावी तसा.
वडील गेले तेव्हा ते दीड वर्षाचे.

मी म्हटलं, माझा आजा धोंडजी,
मराठा पलटणीत, इम्फाळच्या वरच्या डोंगरात.
वेढा पडलेला. घशाला कोरड.
वरून ही डाकोटा यायची,
छत्र्यांना बांधून पाणी टाकायची, बिस्किटं, गोळ्या,
आणि वारा त्या छत्र्या
पलीकडच्या उतारावर न्यायचा. तुमच्या माणसांत.
आजा म्हणायचा,
त्यांनी आमची बिस्किटं खाल्ली,
आम्ही त्यांना खाताना बघितलं.
एवढंच. पुढं ना शिवी, ना काही.
फक्त जन्मभर
गावावरून विमान गेलं की
ताटावर पालथा पंजा धरायचा.
आम्हा पोरांना वाटायचं, धूळ पडू नये म्हणून.

साहेब बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "आवाजावरून कळायचं का त्यांना,
कुणाचं आहे ते?"
विचारायचं राहिलं, मी म्हटलं.
"आवाज जरा वेगळा असेल. इंजिन आमचं होतं."
मग त्यांनी पत्र्याला हात लावला,
रिव्हेटांच्या रांगेवरून बोट नेलं,
नुकतं वाचायला लागलेलं पोर ओळीवरून नेतं तसं.
मलबारी राखणदार खुर्चीतनं ओरडला, हात नको!
साहेब कमरेत वाकले, माफीसाठी,
आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले.
राखणदार बिचारा उठून उभा राहिला.

समोरच्या कॅफेटेरियातून दोन कडक चहा आणले.
गाडीच्या बॉनेटला टेकून प्यायलो.
बॉनेट तापलेलं, चहा त्याहून.
वरून एक मालवाहू गेलं, चाकं काढून,
नव्या विमानतळाकडं, अगदी खालून.
साहेब वर बघत होते,
त्यांचे ओठ हलत होते, मोजत असावेत.
मी कपाकडं बघितलं.
माझा पंजा कपावर होता,
वाफेनं ओला.

"गरम आहे?" त्यांनी विचारलं.
हो, म्हटलं. आहे.