झाडे: इतर, एक

नझूलच्या फायलीत बंगला नंबर अकरा.
पूर्वेस नाला, पश्चिमेस मिशनची भिंत,
क्षेत्र पावणेतीन एकर,
मालक चार, पैकी दोन खोडलेले.

पहिला लिंडक्विस्ट. मँगनीज कंपनीचा इंजिनीयर, स्वीडनचा.
त्यानं बोटीतून, ओल्या गोणपाटात गुंडाळून
गावाकडचं पांढऱ्या सालीचं रोप आणलं,
तलावाच्या अंगाला लावलं.
मे महिन्यात गेलं.
दुसरं मागवलं. तेही मेमध्येच.

तेव्हा चिंधू नेवारे, माळी,
रामटेकच्या डोंगरातून बैलगाडीत
कढईचं पोर घेऊन आला,
तेवढंच पांढरं,
अंधारात माणूस उभा वाटावा असं,
आणि साहेब पचमढीहून उतरायच्या आत
त्याच खड्ड्यात बसवलं.

साहेबाला कळलं असणारच.
साल नखानं खरवडून पाहिली म्हणे,
बोलला काही नाही.
पुढल्या महिन्यापासून पगार आठ आणे जास्त.

मग एक वकील. मग संत्र्यांचा अडत्या.
मग कोर्टाचा स्टे, वीस वर्षं.
टेनिसच्या मैदानात तरोटा माजला,
वाळ्याच्या ताट्यांच्या चौकटी
कुणाच्या तरी चुलीत गेल्या.

आज मी टेप धरून उभा.
दुसरं टोक आमच्या शिपायाच्या हातात,
चिंधूचा पणतू.
"हे लिहून घ्या जी साहेब, नाहीतर तोडतीन."

रकाने पाचच: आंबा, चिंच, निंब, साग, इतर.
इतरमध्ये मी एक लिहिलं.
आणि बाजूला पेन्सिलीनं, पुसता येईल असं:
स्वीडन, मार्गे रामटेक.