वीतभर तार

चाळीस मीटरचा डायपोल टाकला.
एक टोक टाकीच्या पाइपला, दुसरं शेजारच्या शेवग्याला,
तरी एसडब्ल्यूआर अडीचच्या खाली यायला तयार नाही.
केबल बदलली. कनेक्टरला पुन्हा डाग दिला.
आई म्हणाली, यावर चादरी चालतील का?

तिन्हीसांजेला हँडीवर विटेकरकाकांना गाठलं, तासगावला.
त्यांनी आधी विचारलं, जेवलास का.
मग: तार लांब की आखूड, ते तिलाच विचार.
बँडच्या खालच्या अंगाला काटा उतरला
तर लांब. ओव्हर.

खाली सतारीच्या दुकानात इलाहीभाई जवारी काढत होते.
घोडीवर कानस एकदाच, हलकी.
तार छेडायची, मान हलवायची: नाही.
पुन्हा कानस.
मिरजेत हे ऐकतच वाढलो,
आज पहिल्यांदा थांबून पाहिलं.

पक्कड घेऊन वर गेलो.
दोन्हीकडून वीत-वीत. काटा दीडवर.
अजून दोन बोटं.
मग हात आपोआप थांबला.
काढलेलं परत लावता येत नाही.

रात्री दहाला खरखरीतून भूजचा कुणी आला,
पाच-सात, म्हणाला, छान ऐकू येताय, अशोकराव.
माझं नाव अधिकराव.
मी दुरुस्त केलं नाही,
तिकडे पाऊस आहे का एवढंच विचारलं.

सकाळी खिशात तांब्याचे चार तुकडे.
इलाहीभाईंनी त्यातला एक घेतला,
दोन बोटांत ताणून नखानं वाजवला,
कान जवळ नेला,
आणि काही न बोलता
आपल्या डबीत टाकला.