प्रेत क्रमांक चार

रक्त आम्ही हेरंबच्या खोलीवर केलं, कात्रजला,
एकाच शेगडीवर:
साखरेचा पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कॉफी.
एकतारी झाला की लगेच उतरवायचा.
जास्त आटला तर खून नाही, चिक्की.

सुरा बोहरी आळीतला, खरा, धार बोथट करून घेतलेला.
मुखवटा मात्र हेरंबच्या आत्याच्या जुन्या पर्सचा,
जवळून बघितलं तर कपाळावर चेन दिसायची.
म्हणून जवळून दाखवायचंच नाही असं ठरलं
आणि न दाखवल्यामुळे तो माणूस भयंकर झाला.
पैसे नसण्याचा एवढा एक फायदा
मी शपथेवर सांगू शकते.

भोसरीतल्या बंद कारखान्यात बारा रात्री.
तिसऱ्या खुनात कोपऱ्यातून माईकचा दांडा डोकावतो.
पाचवा खून घनदाट जंगलात,
आणि मागून पीएमपीचा हॉर्न.
सातही जण मरण्याआधी विचारतात, ‘कोण आहे तिकडे?’
आणि तिकडे जातात.
पुण्यात असं कोणी जातं?
इथे दार न उघडता आतूनच विचारतात, ‘काय काम आहे?’
तेवढं एक वाक्य असतं
तर सिनेमा अकरा मिनिटांत आटोपला असता.

खुनी होते कुदळेमामा. दिवसा रिक्षा चालवायचे.
प्रत्येक वारानंतर हळूच विचारायचे, ‘लागलं का गं?’
डबिंगला पैसे उरले नव्हते,
तिथे आम्ही कुत्र्याचं भुंकणं घातलं.
नीट कान दिला तर भुंकण्याखाली
अजून ऐकू येतात मामा.

मी चौथी.
फरशीवर पडले, पाक गळ्याखाली ओघळला,
आणि मुंग्या आल्या.
आधी एक, मग तिच्या गावचे सगळे.
इरफान कॅमेऱ्यामागून बोटं दाखवत होता, सहा सेकंद, पाच,
मी हलले नाही.
त्यानंतर नोकरीत, लग्नात, कुठेच
मी इतकं चोख काम केलेलं नाही.
(पोट वरखाली होतं. थांबवून बघू नका.)

चहाच्या वेळी विचारलं होतं, मी का मरते?
हेरंब म्हणाला, तू सिगरेट ओढतेस ना, जीपमध्ये.
आणि मोठ्यांदा हसतेस.
शेवटी जी वाचते ती हसत नाही, अंगभर ओढणी घेते,
आणि तिला दिग्दर्शकाची मावसबहीण असल्यामुळे
मानधन द्यावं लागत नाही.
माईकचा दांडा, पर्सची चेन, मी सगळं माफ केलं.
हे नाही.
यात बजेटचा काय दोष?
हे तर फुकट मिळालं होतं,
आधीपासूनच घराघरांत पडून होतं.

खेळ लावला नारायण पेठेत, एका सभागृहात,
सकाळी साडेनऊला, कारण तेव्हा भाडं निम्मं.
दुपारी तिथेच वधूवर मेळावा होता,
गुलाबी झालर आधीच लावलेली.
त्रेचाळीस माणसं. मुंडकं पडलं, लोक हसले.
आतडी निघाली, शिट्ट्या.
आईसुद्धा हसली, शेजारणीला म्हणाली,
आतडी माझ्या परकराची आहेत.

फक्त एकदा हॉल गप्प झाला.
मरण्याआधी मी दार लावते, आणि कडी बसत नाही.
हे लिहिलेलं नव्हतं. कारखान्याचं दार फुगलेलं होतं.
गुडघ्यानं रेटून, खांद्यानं दाबून,
अंगठ्यानं कडी सरकवायचा प्रयत्न करते मी,
मागे ना संगीत, ना सावली,
नुसती कडी.
बायकांच्या रांगेत एकीनं
मांडीवरची पिशवी घट्ट धरली.
पुढच्या रांगेतला मुलगा जांभई देत होता,
त्याला कळेना काय चाललंय.

रात्री आईनं घरची कडी लावली.
काढली. पुन्हा लावली.
ओढून बघितली.
मग दिवा घालवताना म्हणाली,
पाक जरा पातळ झाला होता तुमचा.