जे आधी येईल ते

काचेच्या कोपऱ्यातलं स्टिकर
मी लिहिते.
उद्यमनगरात, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत,
जिथं चहासुद्धा लोखंडाचा वास घेऊन येतो.
गाडी नंबर, आजचे किलोमीटर, पुढचे किलोमीटर,
पुढची तारीख.
खाली छापलेलंच असतं : जे आधी येईल ते.

अब्बांच्या काळात स्टिकर नव्हतं.
फियाटवाले, जीपवाले, गुऱ्हाळावरचे ट्रॅक्सवाले
तीन हजार झाले की आपसूक यायचे.
अब्बा डिपस्टिक काढायचे,
दोन बोटांत तेल चोळायचे, हुंगायचे,
आणि म्हणायचे, "गगनबावड्याला जाऊन आलासा."
गाडीवाला बघतच राहायचा.
खरं तर टायरातली लाल माती
अब्बांनी आधीच बघून ठेवलेली असायची.

तीनाचे पाच झाले, पाचाचे दहा.
आता तेल सिंथेटिक, मधासारखं,
आणि गाडी स्वतःच पडद्यावर पान्हा दाखवते.
परवा एकजण म्हणाला, माझीला पंधरा हजार चालतं,
पुस्तकात लिहिलंय.
चालतं. पुस्तक खोटं बोलत नाही.
पण पुस्तकानं शिरोलीच्या पुलावरची
उसाच्या ट्रॉल्यांची रांग बघितलेली नाही.
चाक थांबलेलं, इंजिन चालू,
काटा जागचा हलत नाही,
तेल मात्र शिजतच असतं.

तक्रार नाही. तेल कमी लागतं, चांगलंच की.
फक्त माणसं लांबली.
एका सर्व्हिसला बाईचं पोट दिसतं,
पुढच्या सर्व्हिसला पोरगं मोबाईल मागत असतं.
मधलं आम्हाला काही कळत नाही.

आदगोंडा मगदूम सर मात्र तारखेला येतात.
तारखेलाच, दहाच्या ठोक्याला.
वर्षात गाडी पळाली अकराशे चाळीस.
शाहूपुरी, भाजी, बँक, परत.
तौफिक हसतो, सर, तेल अजून कोरं असंल.
नसतं, मी सांगते.
एवढ्याशा फेरीत इंजिन नीट तापत नाही,
आतलं पाणी आतच राहतं.
"म्हणजे न वापरताही जुनं होतं."
होतं, सर.

बोल्ट सुटतो. धार आधी जाड, मग सुतासारखी,
मग थेंब.
अब्बा सांगायचे, शेवटच्या थेंबाला घाई करू नये,
तोवर गिऱ्हाइकाशी बोलावं.
तर सर बोलतात. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
मुलगी म्हणते, विका गाडी.
बाहुबलीला गेले होते गेल्या महिन्यात, एकटेच.
शेजारची सीट अजून
बाईंच्या मापानं मागं सरकवलेली आहे.
तौफिक धूळ पुसतो, पण तिला हात लावत नाही.
त्याला कुणी सांगितलेलं नाही.

तांब्याचा नवा वायसर, नवा फिल्टर, तीन लिटर तेल.
मी मार्कर उघडते.
"पुढची तारीख पेन्सिलनं लिही," सर म्हणतात.
पेन्सिल यावर उठत नाही, सर.
ते चष्मा कपाळावर चढवून स्टिकर वाचतात.
"जे आधी येईल ते...
वाक्य अपुरं आहे गं. ते काय?"
हायस्कुलात मराठी शिकवायचे.

गल्ली अरुंद. मागं फाउंड्रीचा टेंपो उभा.
गाडी रिव्हर्स घेताना
तौफिक डिकीवर थापा मारत ओरडतो,
येऊ द्या, सर, येऊ द्या,
अजून जागा आहे.