वैशाखापेक्षा दहा अंश वर

पुस्तकात लिहिलंय, पेटी पंचेचाळिसावर ठेवा.
लिहिणाऱ्याच्या खिडकीबाहेर बहुधा बर्फ असावा.
जालन्यात, एमआयडीसीतल्या आमच्या पत्र्याच्या गाळ्यात
मेच्या दुपारी तीन वाजता
पंचेचाळीस तर टेबलावरच पडलेलं असतं, फुकट.

आणि ही पेटी तापवू शकते फक्त,
निववणं तिच्या हातात नाही.
म्हणजे स्थिर राहायचं तर
आपल्या गावच्या सगळ्यांत वाईट दुपारपेक्षा
थोडं जास्त तापलेलं राहायचं,
बारा महिने, पहाटेसुद्धा.
"पंचावन्न," प्रयाग म्हणाली,
आणि आकड्याखाली पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या.
जास्त तापलं की चिप लवकर म्हातारी होते,
हेही पुस्तकात होतं, पुढच्याच पानावर.
आम्ही दोघांनी ते वाचलं
आणि पान उलटलं.

ॲल्युमिनियमचा ठोकळा निजामोद्दीनभाईंनी कातून दिला.
मुठीएवढा. दोन भोकं:
एकात चिप, एकात मोहरीएवढा थर्मिस्टर.
रोलिंग मिलचे टनाटनाचे रोलर उतरवणारा माणूस,
"इसमें पकता क्या?" म्हणाले.
मी म्हणालो, सात व्होल्ट.
त्यांनी ठोकळा कानाला लावून पाहिला.

पाठीवर ट्रान्झिस्टर, तोच हीटर.
भोवती कापूस, कापसावर घोंगडीचा तुकडा,
आणि सगळ्यावर प्रयागचा आयटीआयचा डबा,
झाकणावर टोच्यानं कोरलेलं:
सौ. कौसाबाई भ. खरात.
त्या नावाच्या 'बा'मधून तारा बाहेर काढल्या,
कारण भोक पाडायला तेवढीच जागा सपाट होती.

शेजारच्या मिलमध्ये लोखंड बाराशे अंशांवर लाल होतं,
पन्नास इकडे, पन्नास तिकडे, कुणी विचारत नाही.
इथं अंशाचा शंभरावा भाग ढळला
की शेवटचा आकडा हलतो.
पंख्याच्या वाऱ्यानं हलतो. दार उघडलं की हलतो.
प्रयाग जांभई देते तेव्हाही हलतो,
असा मला संशय आहे.
म्हणून पंखा बंद. आम्ही घामानं निथळत,
सौ. कौसाबाई तेवढ्या शांत.

७.१३६४८२.
दहा रात्री हाच आकडा.
अकराव्या रात्री मला सहन झालं नाही.
प्रयाग घरी गेल्यावर
इन्व्हर्टरवर टेबलफॅन लावला, समोर चटई टाकली.
लाइन कधी गेली कळलं नाही.
बॅटरी संपली तेव्हा जाग आली, घामानं.
डबा हाताला गार लागत होता.

सकाळी परत पंचावन्न. तंतोतंत पंचावन्न.
पण आकडा ७.१३६४६१.
एकदा निवून पुन्हा तापलेली गोष्ट
जुन्या जागेवर येत नाही, जवळ येते.
दहा लाखांत तीन.
मिलवाल्याला सांगितलं असतं तर हसला असता.
प्रयाग हसली नाही, बोललीही नाही.
वहीत लिहिलं: पहाटे, वीज नाही. कारण: पंखा.
आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागली.

आता डिसेंबर. पत्रा बर्फासारखा.
काल निजामोद्दीनभाई हात चोळत आत आले,
दोन्ही तळवे डब्यावर ठेवून उभे राहिले.
आत पंचावन्न, पण घोंगडीतून बाहेर येतं
चहाच्या रिकाम्या कपाएवढंच.
"इसकू बुखार है क्या?"
"भाई, हात काढा, आकडा सरकायलाय."

त्यांनी हात काढले, घाबरून, मागे धरले.
आम्ही तिघं मीटरकडे बघत राहिलो.
मग प्रयागनं वही ओढली:
सात पंचवीस. हात.