शिवणीवर शिवण

रविवारी तीन ते साडेतीन
धनकवडीतलं आमचं इस्त्रीचं दुकान बंद.
मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा.
वनमाला त्याच्याकडे बघत शेंगा सोलते.

वाजला.
चिल्क्याहून रेवतीचा आवाज, बसलेला:
केस कापले. पोहता येतं आता.
जेवलीस का, एवढंच सुचलं आईला,
तेही दोनदा.

मग हळूच मला,
"बाबा, पांढऱ्या शर्टाच्या बाहीची घडी मोडते.
उस्ताद सगळ्यांसमोर उलगडून दाखवतात."

तीस वर्षं लोकांचे कपडे केले,
कसे करता, कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, पाणी कमी शिंपड,
शिवणीवर शिवण ठेव, आणि घाई

कट झाला.

शेवटी काय म्हणाली, वनमालानं विचारलं.
मी गठ्ठ्यातून कुणाचा तरी पांढरा शर्ट काढला.
करू नकोस, म्हणालो
बाहीला.